नवं जर्नल कशासाठी?

समजा, तुम्ही ब्राझीलमधल्या कांदोंब्ले धर्मावर पेपर लिहिलाय. पाठवाल कुठे? १९६७ पासून चालणाऱ्या 'जर्नल ऑफ रिलिजन इन आफ्रिका'चा भर आफ्रिका खंडावर. लॅटिन अमेरिकेच्या जर्नलमधल्या रिव्ह्यूअरला योरुबांच्या ओरिशा देवता माहीत असतीलच असं नाही.

ही दरी सांधणारं 'जर्नल ऑफ आफ्रिकाना रिलिजन्स' २०१३ मध्ये निघालं. संस्थापक संपादक एडवर्ड कर्टिस आणि सिल्व्हेस्टर जॉन्सन. 'आफ्रिकाना' म्हणजे आफ्रिका आणि गुलामगिरी, स्थलांतरातून जगभर गेलेले तिचे लोक, एकत्र.

म्हणजे नवं जर्नल ही फक्त छापायची आणखी एक जागा नाही. तुमचा पेपर कोण तपासणार, तुम्हाला काय विचारणार, हेही त्यावरच ठरतं. गुजरातमधल्या सिद्दींच्या बावा गोर दर्ग्यावर काम करताय? मग आधी ठरवा: तुमचा प्रश्न दक्षिण आशियाचा, की आफ्रिकाना? आणि पेपर पाठवण्याआधी जर्नलचा 'स्कोप' वाचाच.