टिप्परचं इंजिन: गॅसला ताकद नसते, हे कुणी सांगितलं?

घुग्घुसच्या वजनकाट्यावरची रांग असो की आष्टीच्या चौकातली चहाची टपरी, टिप्पर घ्यायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "गॅसच्या गाडीत दम नसतो. माल ओढायचा तर डिझेलच पाहिजे." बोलणाऱ्याचं अर्धं आयुष्य स्टिअरिंगवर गेलेलं असतं, म्हणून ऐकणारा लगेच मान डोलावतो. सुरजागडची लोहखनिजाची खाण आणि कोनसरीचा कारखाना आल्यापासून चामोर्शी-एटापल्लीकडची कितीतरी पोरं किस्तीवर टिप्पर काढायच्या विचारात आहेत. चंद्रपूरकडे कोळसा, गिट्टी, मुरूम आणि रेतीवर हे आधीपासूनच चालू आहे. पाच-सात वर्षं फेडायच्या कर्जाचा निर्णय अशा एका वाक्यावर व्हावा, याची चिंता वाटते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आज बहुतेकांनी डिझेलचाच टिप्पर घ्यावा, असं माझंही मत आहे. पण त्याचा ताकदीशी संबंध नाही. कारण चुकीचं धरलं की पुढचे हिशेबही चुकतात. मग माणूस गरजेपेक्षा मोठं इंजिन घेतो, मोठं घेतलं म्हणून जास्त भरतो, आणि ज्याच्या कामाला गॅसची गाडी खरंच फायद्याची ठरली असती, तोही डिझेलच्या रांगेत उभा राहतो.

आधी ताकदीचं पाहू. इंधनाची ताकद म्हणजे ते जळल्यावर निघणारी उष्णता. एक किलो डिझेलमधून सुमारे ४३ मेगाज्यूल मिळते, तर सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, त्याच्या एका किलोतून ४८ ते ५०. म्हणजे वजनाला वजन लावलं तर गॅसच सरस आहे. गाडी किती ओढते हे मात्र इंधनाच्या नावावर ठरत नाही. इंजिन किती लिटरचं आहे, टर्बो आहे की नाही आणि गिअर कसे जोडले आहेत, यावर ते ठरतं.

आकडेच घ्या. टाटाच्या सिग्ना २८२५ या दहा चाकी टिप्परला कमिन्सचं ६.७ लिटरचं डिझेल इंजिन येतं: २५० हॉर्सपॉवर, ९५० न्यूटन-मीटर टॉर्क. टाटाच्याच २८ टनी सीएनजी गाडीत इंजिन ५.७ लिटरचं आहे: १८० हॉर्सपॉवर, ६५० न्यूटन-मीटर. या दोन गाड्या एकामागोमाग चालवणारा ड्रायव्हर "दम नाही" म्हणेल, आणि त्याचा अनुभव खराच आहे. पण ती दोन वेगळ्या मापांच्या इंजिनांची तुलना झाली, इंधनांची नव्हे. सारख्या मापाची तुलना हवी असेल तर चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सने २०२२ मध्ये आणलेला एलएनजीवरचा, म्हणजे द्रवरूप गॅसवरचा ट्रक पाहा. त्यातलं एफपीटी कंपनीचं इंजिनही ६.७ लिटरचंच, पण २८० हॉर्सपॉवर आणि १,००० न्यूटन-मीटरचं. तो ट्रक ५५ टनांच्या वर्गातला आहे. दम नसता तर तेवढं वजन हललंच नसतं.

ही समजूत आली कुठून, तेही सांगायला हवं. सुरुवातीची गॅसची वाहनं बहुतेक पेट्रोलच्या इंजिनाला किट लावून केलेली होती, टर्बोविना. गॅस आत येताना हवेची जागा खातो, त्यामुळे सिलिंडरमध्ये हवा कमी भरते आणि जोर घटतो. ऑटो आणि मोटारींत लोकांनी हे अनुभवलं आणि तोच शिक्का जड गाड्यांवर बसला. टर्बो लावून हवा दाबून भरली की ही तूट भरून निघते.

आता इथल्या रस्त्यावर येऊ. "चिखलात गॅसची गाडी फसते" हे तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की कागद-पेन्सिल घेऊन हिशेबच मांडतो. २८ टन भरलेला टिप्पर धरा. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून इंजिनचा जोर साधारण ५५ पट होतो असं समजू, आणि चाकाची त्रिज्या अर्धा मीटर. ९५० न्यूटन-मीटरच्या इंजिनची ओढ, वाटेतली घट वजा जाता, चाकाशी साडेनऊ-दहा टन भरते, ६५० वाल्याची साडेसहा-सात टन. मागच्या दोन्ही धुरांवर मिळून वीसेक टन भार असतो. ओल्या मुरमाच्या चिखलात टायरची पकड त्या भाराच्या तीन दशांशापर्यंत गेली तरी खूप, म्हणजे सहा टन. दोन्ही गाड्यांत इंजिन हरण्याआधी टायर घसरतो. चिखलात फसलेली गाडी टायरमुळे, भरलेल्या वजनामुळे आणि रस्त्यामुळे फसते. इंजिनला दोष देऊन ती बाहेर निघत नाही.

खाणीतल्या चढाचंही तसंच. कोळसा खाणींच्या नियमांत वाहतुकीच्या रस्त्याचा चढ साधारणपणे १६ ला १ पेक्षा तीव्र नसावा असं आहे. त्या चढावर २८ टनांना पावणेदोन टनांची ओढ लागते, कच्च्या रस्त्याचा अडथळा धरून तीन टनांच्या आत. दोन्ही इंजिनं हे काम करतात. फरक पडतो तो वेगात: २५० हॉर्सपॉवरचा टिप्पर तो चढ ताशी २० किलोमीटरच्या आसपास चढेल, १८० चा १४-१५ ने. दिवसाच्या खेपांवर पैसे मिळत असतील तर हा फरक खिशाला लागतो, म्हणून हॉर्सपॉवर जरूर बघा. डिझेलची एक खरी बाजूही मान्य करतो. त्याचा पूर्ण टॉर्क मिनिटाला हजार फेऱ्यांपासूनच मिळतो, तर या सीएनजी इंजिनला त्यासाठी १,४०० च्या आसपास जावं लागतं. भरल्या गाडीने चढावर थांबून पुन्हा निघताना क्लचवर पाय ठेवणाऱ्याला हे जाणवतं. पण त्याला ताकद नसणं म्हणत नाहीत.

मग मी डिझेल का म्हणतो? गॅस कुठून येणार, हा पहिला प्रश्न आहे. गेलची मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी नागपूरहून पूर्वेला छत्तीसगडकडे जाते. चंद्रपूर नागपूरपासून दीडशे किलोमीटर दक्षिणेला, आणि एटापल्ली-भामरागड त्याहून कितीतरी पुढे. वाहिनी जिथे पोहोचत नाही तिथे गॅस गाड्यांवर लादून आणावा लागतो. ती गाडी उशिरा आली की पंप कोरडा, आणि पंप कोरडा की तुमची खेप बुडाली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. अशा ठिकाणी डिझेलचे दोन ड्रम गाडीमालकाला आठवडा काढून देतात. गॅसचा असा साठा घरी ठेवता येत नाही.

दुसरा प्रश्न भावाचा, आणि इथे दुसरा मोठा गैरसमज आहे: "गॅसवर खर्च निम्मा." पुण्या-मुंबईचा नातेवाईक हे सांगतो आणि त्याच्या गावात ते बऱ्याच अंशी खरंही असतं. पण सीएनजी किलोने मिळतो आणि डिझेल लिटरने. एक किलो सीएनजीत सुमारे १.३५ लिटर डिझेलइतकी उष्णता असते. स्पार्क प्लगवर चालणारं इंजिन डिझेलपेक्षा ती थोडी कमी कामाला लावतं, म्हणून प्रत्यक्षात एक किलो म्हणजे १.१ ते १.२ लिटर डिझेलचं काम धरावं. मार्च २०२२ मध्ये मुंबईत सीएनजी ६६ रुपये किलो होता आणि त्याच महिन्यात नागपुरात तो १२० वर गेला होता, कारण तिथे एलएनजी दुरून टँकरने आणून त्याचा सीएनजी केला जात होता. १२० ला १.१५ ने भागा: डिझेलच्या एका लिटरच्या कामाला १०४ रुपये. डिझेल तेव्हा ९० ते ९५ च्या घरात होतं. म्हणजे नागपुरात सीएनजीची गाडी तोट्यात, मुंबईत ५७ रुपयांत तेच काम. पुढे १ एप्रिल २०२२ पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला आणि नंतर भावही उतरले, पण भागाकार तोच राहतो. आपल्या पंपावरचा आजचा दर घ्या, १.१५ ने भागा आणि डिझेलशी ताडून पाहा. निदान दहा रुपयांचा फरक नसेल तर गाडीची जास्तीची किंमत वसूल होणार नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. शंभर किलो सीएनजी २०० बार दाबाने भरायला लोखंडी सिलिंडरांचं वजनच पाचशे-सहाशे किलो होतं. तितकंच काम देणाऱ्या डिझेलचं वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणजे प्रत्येक खेपेला जवळपास अर्धा टन माल कमी. त्यात आपलं ऊन. चंद्रपूरचा पारा ४७ वर असताना सिलिंडर भरला, तर त्याच दाबाला २७ अंशांच्या सकाळपेक्षा निदान सहा-सात टक्के गॅस कमी बसतो. मे महिन्यात "गाडीचं अॅव्हरेज पडलं" म्हणणाऱ्यांनी आधी पहाटे भरून बघावं.

एलएनजीत हे वजन बरंच वाचतं, कारण उणे १६२ अंशांवर गॅस द्रव होऊन सहाशेपट कमी जागेत मावतो. नागपुरात कामठी रस्त्यावर जुलै २०२१ मध्ये देशातलं पहिलं खासगी एलएनजी केंद्र सुरू झालं. घुग्घुसहून नागपूरकडे रोज ठरलेल्या वाटेने पक्क्या रस्त्यावर धावणाऱ्या मोठ्या ताफ्याने एलएनजीचा विचार जरूर करावा. एका टिप्परच्या मालकाने करू नये, कारण गाडी उभी राहिली की टाकीतला गॅस हळूहळू उकळून वाया जातो. संप, पाऊस किंवा ड्रायव्हर नाही म्हणून आठवडाभर उभी राहणारी गाडी एलएनजीची नसावी. आणखी एक: सुरजागडच्या खनिजासाठी हेडरी ते कोनसरी ८५ किलोमीटरची स्लरी वाहिनी झाली आहे. खनिज नळातून जायला लागल्यावर त्याच वाटेवरच्या खेपांचा भरवसा धरून लांबचं कर्ज घेताना कंत्राट नीट वाचा.

"कोळशाच्या खाणीत गॅसची गाडी नेली तर स्फोट होईल" असंही म्हणतात. पद्मापूर, दुर्गापूर, सास्ती या उघड्या खाणी आहेत. मिथेन हवेपेक्षा जवळपास निम्मा हलका, गळला तर वर उडून जातो. खाली साचणारा गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरातला, आणि भीती त्याचीच डोक्यात असते. आपोआप पेटायला मिथेनला सुमारे ५४० अंश लागतात, डिझेलला त्याच्या निम्म्याहून कमी. शंका असेल तर कोल इंडियाचंच पाहा: वर्षाला चार लाख किलोलिटरहून जास्त डिझेल जाळणाऱ्या या कंपनीने २०२१ मध्ये महानदी कोलफील्ड्सच्या शंभर टनी डंपरांना एलएनजीचं किट बसवून पाहायचा निर्णय घेतला, डिझेलचा ३० ते ४० टक्के वाटा गॅसवर नेण्यासाठी. सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी मात्र चुकवू नका. धोका चाचणी न केलेल्या सिलिंडरात असतो.

"आहे त्या डिझेल टिप्परला किट लावून घेऊ" हे डोक्यातून काढा. मिथेन नुसत्या दाबाने पेटत नाही, पूर्ण गॅसवर चालवायचं तर ठिणगी लागते, म्हणजे इंजिनचं आतलं काम बदलावं लागतं. शिवाय बीएस-६ गाड्यांसाठी केंद्राने २०२२ मध्ये दिलेली अशा बदलाची मुभा साडेतीन टनांच्या आतल्या वाहनांपुरती आहे.

"अमेरिकेत पेट्रोलवर टिप्पर चालतात, मग आपल्याकडे का नाही?" तिथे फोर्डच्या मध्यम ट्रकांना ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन मिळतं. स्वस्त पेट्रोल आणि वर्षाचं थोडं फिरणं असेल तर ते परवडतं. दिवसभर खेपा मारणाऱ्याला नाही.

नव्या डिझेल गाडीचा धूर साफ करणाऱ्या डीईएफच्या टाकीत शेतातला युरिया विरघळवून टाकणाऱ्यांना काय सांगावं? डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि क्षारविरहित पाणी. खताच्या युरियाला २०१५ पासून सक्तीने कडुनिंबाचा लेप असतो, शिवाय त्यात बाययुरेट असतं. त्याने धुराड्यातली लाखाच्या घरातली यंत्रणा निकामी होते, आणि अनुदानाचा युरिया गाडीत घालणं गुन्हा आहे. चांगलं डीईएफही पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंशांत सहा महिनेच टिकतं, म्हणून उन्हाळ्यात साठवून ठेवू नका. गॅसच्या गाडीला डीईएफ लागतच नाही. तिची ही बाजू विक्रेतेही क्वचितच सांगतात.

"काट्याच्या रांगेत इंजिन चालूच ठेवावं, सुरू करायला जास्त डिझेल लागतं." नाही लागत, रांग लांब असेल तर बंद करा. "उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं." आजच्या इंजिनात गिअरमध्ये पाय उचलला की इंधन पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळतच राहतं, आणि भरल्या गाडीचे ब्रेक तापतात ते वेगळंच. "गॅसची गाडी म्हणजे प्रदूषण नाही." काजळी बरीच कमी, कार्बन थोडाच कमी; आणि टिप्परच्या वाटेवरच्या गावांच्या छातीत जाणारी धूळ ताडपत्री न बांधलेल्या हौद्यातून उडते, इंजिन कोणतंही असो.

"मोठं इंजिन घेतलं, आता दहा टन जास्त भरता येईल." धुरा, चाकं आणि ब्रेक २८ टनांसाठीच बनवलेले असतात, हॉर्सपॉवर वाढल्याने ते बदलत नाहीत. २०१९ च्या कायद्याने जादा भाराला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. दहा टनांना चाळीस हजार. आष्टी-आलापल्ली रस्त्याचं जड वाहतुकीने काय झालं ते तिथून शाळेत आणि दवाखान्यात जाणारे लोक रोज भोगत आहेत.

डीलरकडे जाल तेव्हा त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर मागा: टॉर्क किती फेऱ्यांपासून किती फेऱ्यांपर्यंत मिळतो, रिकाम्या गाडीचं काट्यावरचं वजन, आणि तुमच्या वाटेवरच्या पंपाचं नाव.