बिनतारी जाळ्यावरील चलचित्र आणि बोलीचा अभ्यास

बोलीच्या अभ्यासकाने केलेले लिप्यंतर मूळ भाषकाकडून तपासून घेणे अगत्याचे असते. तोरणमाळ येथील पावरी भाषकास विद्यापीठातून आंतरजालाद्वारे चलचित्र दाखवून हे कार्य साधता येते. परंतु चित्र मध्येच थबकले, की वाक्याचा आघात व लय तुटते आणि तपासणीस अर्थ उरत नाही. प्रस्तुत लेखात या थबकण्याचे कारण व त्यावरील उपाय यांचा विचार केला आहे.

सातपुड्यातील हे पठार हजार मीटरांहून उंच असून भोवती खोल दऱ्या आहेत. मोबाइल मनोऱ्यापासून निघालेल्या लहरींना डोंगरकडे अडवितात. कड्यांवरून परावर्तित झालेल्या लहरी किंचित उशिरा पोहोचून मूळ लहरींस कधी पुष्टी देतात, कधी क्षीण करतात. त्यामुळे पाहणारा चार पावले सरकला तरी माहितीचा वेग बदलतो.

यावर प्रमुख उपाय असा, की चलचित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कमीअधिक तपशिलाच्या अनेक प्रतींत ठेवावयाचा आणि पाहणाऱ्याच्या यंत्राने वेग पाहून योग्य ती प्रत मागवावयाची. २०१२ साली प्रसिद्ध झालेले ‘डॅश’ हे आंतरराष्ट्रीय मानक याच तत्त्वावर आधारलेले आहे. समजा, जाळ्याचा वेग सेकंदास १००० किलोबिट आहे. १६०० किलोबिटांच्या प्रतीतील ४ सेकंदांचा तुकडा येण्यास ६.४ सेकंद लागतील. साठा संपताच चित्र थांबेल. ८०० किलोबिटांचा तुकडा मात्र ३.२ सेकंदांत येईल व प्रत्येक तुकड्यामागे ०.८ सेकंदाची शिल्लक पडेल.

तपशील कोठे कमी करावा, हा प्रश्न मात्र भाषाशास्त्राचाही आहे. मॅकगर्क व मॅकडॉनल्ड यांनी १९७६ साली दाखविले, की ‘बा’ हा ध्वनी ‘गा’ उच्चारणाऱ्या ओठांसह सादर केल्यास अनेकांस ‘दा’ ऐकू येतो. सबब ध्वनी व ओठांची हालचाल यांचा मेळ बिघडता कामा नये. ध्वनीस चित्राच्या मानाने फारच थोडी माहिती लागते. म्हणून काटकसर चित्रात करावी, ध्वनीत नव्हे.

चित्रण करतानाही दक्षता हवी. संकोचनाची पद्धत मुख्यत्वे एका चौकटीहून दुसरीत झालेला बदल नोंदविते. मागे झाडांची पाने हलत असतील, तर माहितीचा मोठा वाटा त्यांवरच खर्ची पडतो. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून, साध्या भिंतीपुढे, वक्त्याचा चेहरा जवळून टिपल्यास तोच वाटा ओठांच्या वाट्यास येतो. दुर्गम स्थळी पोहोचावयाच्या चलचित्राची गुणवत्ता अशा रीतीने मनोऱ्यापाशी नव्हे, तर चित्रणाच्या जागीच प्रथम ठरते.