कंसातलं नाव आणि रात्री तीनचा फोन

शिरूर किंवा दौंड तालुक्यातला एखादा जुना हस्तलिखित सातबारा मिळवा आणि नीट बघा. ज्यांच्या नावावरून जमीन गेली त्यांची नावं पुसलेली नसतात. ती कंसात घातलेली असतात आणि शेजारी फेरफार क्रमांक असतो. विकणारा कंसात, घेणारा त्याच्या खाली. कोण कुठल्या नोंदीने आला आणि कुठल्या नोंदीने गेला, ते त्या कागदावरच समजतं.

आता पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आतून बघा. त्यातल्या प्रत्येक ओळीला दोन लपलेले आकडे चिकटलेले असतात: ही ओळ कुठल्या व्यवहाराने जन्मली आणि कुठल्या व्यवहाराने बाद झाली. माहिती बदलली की जुनी ओळ तिथेच राहते, फक्त बाद ठरते, आणि नवी ओळ वेगळी लिहिली जाते. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात 1986 मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्यांनी आपला सातबारा पाहिला असेल असं मला मुळीच वाटत नाही. तरी दोघांचं उत्तर एकच निघालं!

एवढ्यावरही हे थांबत नाही. खरेदीखत झालं की तलाठी थेट सातबाऱ्याला हात लावत नाही. आधी गाव नमुना 6 मध्ये नोंद धरतो, नोटिसा काढतो, 15 दिवस हरकतीची वाट बघतो. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की मगच सातबाऱ्यावर अंमल. डेटाबेसही आधी आपल्या रोजनाम्यात बदल टिपतो आणि मूळ पानाला नंतर हात लावतो. मधेच वीज गेली तर? यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तो रोजनामा वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा लावतो आणि अर्धवट राहिलेले घडलेच नाहीत असं धरतो. फरक वेळेचा. तलाठ्याचे 15 दिवस इथे काही मिलिसेकंदांत आटोपतात.

आणि शोधण्याचा वेग तर चक्रावून टाकणारा. एका पानावर तीनशे खुणा मावतात आणि प्रत्येक खूण पुढच्या एका पानाकडे बोट दाखवते, असं समजू. तीन पायऱ्यांत 2 कोटी 70 लाख नोंदी हाताशी येतात. चौथ्या पायरीला 810 कोटी, म्हणजे जवळपास जगातला प्रत्येक माणूस. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी 1970 च्या सुमारास ही इंडेक्सची रचना मांडली, तीही बोइंग या विमानांच्या कंपनीत काम करताना. आज बँकेचं खातं असो की रेल्वेचं आरक्षण, बहुतेक ठिकाणी ती मुकाट्याने राबते आहे.

या सगळ्याची राखण करणारा माणूस म्हणजे डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, कंपनीतल्या भाषेत डीबीए. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही. तो परत उभा राहतो का हे त्याला तपासावं लागतं. डिस्क भरली, एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, रांगेत सगळ्यांना अडवून बसली, की रात्री तीनला फोन याचाच वाजतो. आपल्याकडे शेतीला वीज बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे त्या वेळी मोटर चालू करायला बॅटरी घेऊन निघालेला आणि उसात बिबट्या नाही ना हे बघणारा शेजारीही जागाच असतो.

आता पगाराचं. पुण्यात नवख्याची सुरुवात साधारण तीन-चार लाखांच्या वार्षिक पॅकेजने होते; आठ-दहा वर्षं मुरलेल्याला वीस लाखांच्या पुढे मिळालं तर कुणी भुवया उंचावत नाही. अमेरिकेत मे 2023 मध्ये डीबीएचा मध्यक पगार वर्षाला 1,01,510 डॉलर होता, पण तिथेही स्वस्त राज्यात राहणाऱ्याच्या हातात बहुधा कमी पडतं. शिरूर-दौंडमध्ये चित्र दुहेरी आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतले कारखाने, लागण तारखेवर तोडीचा कार्यक्रम लावणारे साखर कारखाने, पतसंस्था, या सगळ्यांकडे डेटाबेस आहेत. मात्र वेगळा डीबीए ठेवणारे थोडे. एकाच माणसाकडून प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं करून घेतात आणि पगारही त्याच बेताने देतात.

दुसरा मार्ग पुण्याच्या कंपनीचं काम घरून करण्याचा. डीबीएला सर्व्हरशेजारी बसावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं एक मोठं केंद्र 2015 पासून पुण्यातच आहे, पण त्यावर काम करणारे तिथे पाऊलही ठेवत नाहीत. पुण्याचा पगार आणि शिरूरचं स्वतःचं घर, हे गणित हिंजवडीतल्या भाड्यापुढे फारच गोड लागतं. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला या म्हटलं की दौंडकराला निदान रेल्वे आहे; शिरूरकराला शिक्रापूर-वाघोलीची कोंडी. आणि हिंजवडी नेमकी शहराच्या पलीकडच्या टोकाला!

पुढे काय? ओरॅकलने 2017 मध्ये स्वतःचं स्वतः चालवणारा डेटाबेस जाहीर केला, आणि बॅकअप, पॅच ही कामं क्लाउडने बरीचशी गिळलीच. माझ्या मते नुसतं इन्स्टॉल करून देणाऱ्याचे दिवस भरत आले आहेत. क्वेरी का रखडली हे सांगणाऱ्याचे नाहीत. पोस्टग्रेस फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यात आपल्या गावच्या फेरफारांसारखा एक तक्ता बनवा, दहा लाख खोट्या नोंदी भरा, इंडेक्स काढून शोधा, मग लावून शोधा. मुलाखतीत सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट क्वचितच मिळेल. फक्त ऑफर हातात आली की एक विचारून घ्या: पगार कामावर ठरला आहे की पत्त्यावर?