फळे कागदात गुंडाळणारी यंत्रे

फळ पातळ कागदात गुंडाळून पेटीत रचणे ही क्रिया पाहणारास अगदी सोपी वाटते. सरावाचा हात ती दोन-तीन सेकंदांत उरकतो. परंतु हीच क्रिया यंत्राकडून करवून घेण्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रविशारदांना चांगलाच कठीण गेला. आणि तो बऱ्याच अंशी सुटला, तोपर्यंत ज्या कागदासाठी हा सारा खटाटोप तो कागदच व्यवहारातून निघून जाऊ लागला होता. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचन मुख्यतः अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील संत्र्यांपुरते मर्यादित ठेवले आहे. येथे संत्रे म्हणजे आपल्याकडील नागपुरी संत्र्यासारखे सैल सालीचे फळ नव्हे, तर मोसंबीच्या जातीचे, घट्ट सालीचे फळ समजावे.

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड या गावी १८७३ साली एलायझा टिबेट्स या बाईंनी वॉशिंग्टन नेव्हल या बिनबियांच्या जातीची रोपे लावली आणि तेथून या उद्योगाला मोठा जोर आला. फळ पिकत होते देशाच्या पश्चिम टोकाला आणि त्याचे गिऱ्हाईक होते पूर्वेकडील न्यूयॉर्क-बोस्टनसारख्या शहरांत. मध्ये चार हजार किलोमीटरांहून अधिक रेल्वेप्रवास होता. एवढ्या प्रवासात पेटीतील एखादे फळ सडले तर त्याच्या शेजारची फळेही नासत. या नासाडीचे मुख्य कारण पेनिसिलियम वर्गातील दोन बुरशी होत. त्यांपैकी हिरवी बुरशी आपल्या बीजाणूंनी शेजारची फळे मळवते. निळी बुरशी मात्र केवळ स्पर्शाने एका फळातून दुसऱ्या फळात शिरते आणि पेटीत कुजक्या फळांचा एक घोसच तयार करते. दोन फळांमध्ये कागदाचा पडदा असला तर हा संसर्ग पुष्कळसा अडतो. शिवाय कागदाच्या पिळामुळे फळाखाली एक लहानशी गादी तयार होते आणि पेटीला बसणारे हादरे ती थोडेफार झेलते. भूमध्य समुद्राच्या काठचे व्यापारी याच कारणांसाठी आपली लिंबे व संत्री कागदात बांधून पाठवीत असत.

कागदाला आणखीही एक काम होते. कॅलिफोर्नियातील बागाइतदारांच्या सहकारी संघाने १९०८ साली ‘सनकिस्ट’ हे नाव घेतले व ते कागदावर छापण्यास प्रारंभ केला. पुढे ठराविक संख्येने कागद व थोडे पैसे पाठविणारास चांदीचा मुलामा दिलेला चमचा देण्याची योजनाही त्यांनी काढली. अशा रीतीने फळाचे वेष्टन हे जाहिरातीचे साधन बनले.

आता या कामाचा आवाका पाहू. एका लाकडी पेटीत मध्यम आकाराची १७६ फळे बसत आणि रेल्वेच्या एका डब्यात सुमारे ४०० पेट्या जात. म्हणजे एका डब्यामागे सत्तर हजारांच्या आसपास कागद हातांनी गुंडाळावे लागत. हे काम बहुतांशी स्त्रिया करीत आणि त्यांना पेटीमागे मजुरी मिळे. फळे धुणे, सुकविणे, आकारानुसार वेगळी करणे, पेट्या ठोकणे ही कामे एकामागून एक यंत्रांकडे गेली. रिव्हरसाइड येथील फ्रेड स्टेबलर व जॉर्ज पार्कर या दोन कारखानदारांचे नाव या संदर्भात घ्यावे लागते. प्रतवारीच्या यंत्रावरून त्यांच्यात कोर्टबाजी झाली, आणि अखेरीस दोघांचे कारखाने एकत्र आले. त्या गोदामात गुंडाळणीचे काम मात्र दीर्घकाळ हातांकडेच राहिले.

याचे कारण शोधण्यासाठी निराळ्याच एका यंत्राकडे पाहणे उपयुक्त होईल. इंग्लंडमधील गेन्सबरो गावी विल्यम रोज नावाचे केशकर्तनकार होते. दुकानात तंबाखूच्या पुड्या बांधण्याचा कंटाळवाणा उद्योग करता करता त्यांनी तंबाखूच्या पुड्या बांधणारे यंत्र तयार केले, आणि पुढे त्यांच्या कारखान्यातून मिठाई व चॉकलेट गुंडाळणारी यंत्रे बाहेर पडली. परंतु मिठाईची वडी ठराविक मापाची असते, एका मापाची हजारो नग एकसारखी निघतात, आणि तिला ओरखडा पडला तर काही बिघडत नाही. फळाचे तसे नाही. कोणतेही दोन नग सारखे नसतात. आणि फळ हे तोडल्यानंतरही श्वसन करणारी सजीव वस्तू आहे.

सजीव वस्तूला जखम झाली की काय होते, हे जी. हॅरॉल्ड पॉवेल यांनी दाखवून दिले. अमेरिकेच्या कृषिखात्यातर्फे त्यांनी १९०४ पासून कॅलिफोर्नियातील नासाडीची चौकशी केली आणि तिचा वृत्तांत १९०८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष साधा पण क्रांतिकारक होता: अखंड सालीच्या फळात ही बुरशी सहसा शिरत नाही; ती शिरते ती जखमेतून. कात्रीचा कापा, नखाचा ओरखडा, लांब राहिलेल्या देठाची टोच, टोपलीतील खडा, गोदामातील यंत्रावर होणारी आपटाआपट ही त्या जखमांची कारणे होत. या चौकशीनंतर तोडणी करणाऱ्यांच्या हाती मोजे आले. तेव्हा गुंडाळणाऱ्या यंत्रापुढे खरी अट अशी होती: संसर्ग टाळण्यासाठी घातलेले वेष्टन जर फळाला ओरखडा पाडूनच घातले जाणार असेल, तर ते न घातलेले बरे. हातापेक्षा यंत्र वेगवान असून भागणारे नव्हते. ते हातापेक्षा हळुवारही असावयास हवे होते.

या अटीत बसणारी जी रचना पुढे रूढ झाली तिचे तत्त्व असे. कागद सुट्या तावांऐवजी गुंडाळीच्या रूपाने येतो. लहान रूळ तो पुढे ओढतात आणि सुरी त्याचे चौकोनी तुकडे पाडते. हा तुकडा एका गोल कड्याच्या तोंडावर पसरला जातो. प्रतवारीच्या यंत्रातून सारख्या आकाराची फळे एकामागून एक येऊन वाटीवजा खोलगट आधारांत बसतात. नंतर खालून एक दट्ट्या फळाला उचलून कड्यातून वर ढकलतो. कड्यातून जाताना कागद आपोआप फळाभोवती चोहोबाजूंनी खाली वळतो, जणू डोक्यावर टाकलेला रुमाल खांद्यांवर यावा तसा, आणि त्याचे कोपरे फळाखाली लोंबत राहतात. मग आवळणारे जबडे कोपरे एकत्र धरतात, फिरते मुख त्यांना एक-दोन फेरे पीळ देते आणि गुंडाळलेले फळ पुढच्या पट्ट्यावर सोडले जाते. ओढणे, कापणे, उचलणे, पिळणे या हालचालींचा क्रम एकाच आसावर बसविलेल्या कॅमांनी राखला जातो. दिसण्यात ही रचना शिवणयंत्राहून फारशी अवघड नाही.

अडचणी येतात त्या तपशिलात. कडे फळापेक्षा नेमके किती मोठे असावे? फट कमी ठेवली तर साल घासते. जास्त ठेवली तर कागद सैल बसून पीळ सुटतो. म्हणून कडे एकसंध न करता त्याचे स्प्रिंगवर बसविलेले किंवा रबराने मढविलेले भाग करणे सोयीचे ठरते. पीळ देताना फळही कागदाबरोबर फिरू लागले तर पीळ पडतच नाही, यास्तव त्याला वरून मऊ पकड लागते. पातळ कागद ओला झाला की फाटतो, म्हणजे फळ धुतल्यानंतर पूर्ण वाळलेले हवे. लिंबासारखे लांबट फळ आडवे पडले तर सगळीच घडी बिघडते. त्याला आधी उभे किंवा एका दिशेने वळवून घ्यावे लागते. छापलेले नाव फळाच्या माथ्यावर यावयाचे, तर सुरीने कागद नेमक्या खुणेवर कापला पाहिजे. यातील प्रत्येक अडचण सुटण्यासारखी होती आणि सुटलीही. पण हे यंत्र प्रतवारीच्या अचूक यंत्रांवाचून उभेच राहू शकत नव्हते, हे यावरून ध्यानात येईल.

एक अडचण मात्र यंत्रशास्त्राच्या कक्षेबाहेरची होती, आणि माझ्या मते तीच निर्णायक ठरली. हाताने काम करणारी स्त्री फळ गुंडाळीत असतानाच ते पेटीत ठेवीत असे. पीळ खाली दाबून, ठराविक नक्षीत, तिरप्या ओळींनी, पेटीवर झाकण दाबून बसवावे लागेल इतक्या घट्ट रीतीने ती फळे रची. गुंडाळणे आणि रचणे ह्या तिच्या दृष्टीने दोन क्रिया नव्हत्याच. यंत्राने त्यांतील पहिली आपल्याकडे घेतली, दुसरी राहिलीच. गुंडाळलेले फळ पट्ट्यावर आले तरी ते पुन्हा हातानेच उचलावे लागे. बचत झाली ती एका हालचालीच्या अर्ध्याची. त्यातही हंगाम संपला की यंत्र स्वस्थ बसून राहणार. मजुरी मात्र पेटीमागे असल्यामुळे काम नसेल तेव्हा मालकाला तिचा भार नव्हता. हिशेब यंत्राच्या बाजूने सहजासहजी न झुकल्यास नवल नाही.

इकडे कागदाची कामे एकेक करून दुसरीकडे जाऊ लागली. १९२६ साली ‘सनकिस्ट’ हे नाव थेट सालीवरच छापण्यास सुरुवात झाली. दुकानदार कागद काढून टाको वा ठेवो, नाव कायम राहिले. फळातील ओलावा टिकविण्यासाठी मेणाचा पातळ थर आणि बुरशीसाठी टाकणखाराच्या पाण्यात बुडविणे ह्या पद्धती रूढ झाल्या. (टाकणखार लावलेले संत्रे ही ‘निर्मित वस्तू’ ठरते काय, हा प्रश्न १९३१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि त्याचे उत्तर नकारार्थी मिळाले.) कागदालाच औषध पाजण्याचेही प्रयत्न झाले. डायफिनाइल या द्रव्याच्या वाफेने बुरशीची वाढ थांबते असे आढळल्यावर ते कागदात भिनवून फळे गुंडाळू लागले. पण वाफ पेटीभर पसरते, मग प्रत्येक फळाला स्वतंत्र कागद कशाला? पेटीच्या तळाशी व माथ्यावर एकेक औषधी गादी ठेवली की पुरते. आपल्याकडे नाशिकची निर्यातीची द्राक्षे पेटीत भरताना वर गंधकाचा वायू सोडणारा कागद अंथरतात, त्यामागील विचार याच जातीचा आहे.

सफरचंदांच्या बाबतीतही काहीसे असेच घडले. साठवणीत सालीवर पडणारे तपकिरी डाग तेल लावलेल्या कागदाने टळतात, असे ब्रूक्स, कूली व फिशर या अमेरिकी संशोधकांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दाखविले. पुढे तेलकट कागदाच्या कातरणाने तेच काम स्वस्तात होते असे दिसून आले. कातरण पेटीत विखुरले की झाले, गुंडाळणे नको.

१९५० च्या दशकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात लाकडी पेटी मागे पडून पुठ्ठ्याचे खोके आले. त्याबरोबर घट्ट रचण्याची ती जुनी पद्धत हळूहळू गेली, पिळाच्या गादीची गरज गेली, आणि रचणारे हातही पुष्कळसे गेले. एकेका फळाला वेष्टन देण्याची कल्पना पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलमध्ये शिमशोन बेन-येहोशुआ यांनी नव्याने मांडली, पण कागदाऐवजी पॉलिथिलिनचे पातळ, उष्णतेने आकसणारे कवच वापरून. स्पेन व इटलीतील काही गोदामांत मात्र रंगीत चित्रे छापलेल्या कागदात संत्री व लिंबे बांधून विकण्याची प्रथा आजही चालू आहे. तेथील यंत्रे तीच जुनी क्रिया करतात: फळ कागदात शिरते आणि त्याच्या कोपऱ्यांना पीळ बसतो. त्या कागदाचा मुख्य उपयोग आता गिऱ्हाइकाची नजर वेधण्याचा आहे.