दळणावर चाललेली शाळा

मँचेस्टरचं नाव काढलं की मराठी माणसाला आधी कापड आठवतं आणि मग फुटबॉल. पण कापड गिरण्यांच्या धुराड्यांतून पहिला धूर निघाला त्याच्या कितीतरी आधीपासून इर्क नावाच्या लहानशा नदीच्या काठी पाणचक्क्या फिरत होत्या. गावातल्या लोकांनी आपलं धान्य तिथेच दळलं पाहिजे, असा जमीनदारी काळापासूनचा हक्क त्या चक्क्यांना होता. दुसरीकडे दळण नेणं हा गुन्हा. दळणाचा हा पैसा सोळाव्या शतकापासून एका शाळेकडे जात राहिला. त्या पैशावर शिक्षकांचे पगार होत आणि मुलं फुकट शिकत. ती शाळा म्हणजे मँचेस्टर ग्रामर स्कूल. प्रवेशपरीक्षेतून पारखून मुलं घेणाऱ्या इंग्रजी शाळांमध्ये तिचं नाव आजही वरच्या फळीत आहे.

शाळेचा संस्थापक ह्यू ओल्डहॅम हा मूळचा लँकशायरचा, पण धर्मसेवेत चढत चढत दूर नैर्ऋत्येकडच्या एक्सटरचा बिशप झालेला. ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजच्या स्थापनेलाही त्यानं मोठी रक्कम दिली होती. १५१५ साली त्यानं मँचेस्टरच्या शाळेचा दस्त केला. त्यात शाळेची गरज सांगताना एक व्यथा येते : या मुलखात तल्लख बुद्धीची पोरं आहेत, पण आईबाप गरीब असल्यामुळे ती अडाणी आणि रिकामटेकडी वाढतात. ओल्डहॅमच्या चिन्हात घुबड आहे, कारण त्या भागातल्या बोलीत त्याच्या आडनावाचा उच्चार घुबडाच्या इंग्रजी नावाजवळ जातो. ते घुबड शाळेनं पाचशे वर्षं सांभाळलं आहे.

ओल्डहॅम १५१९ मध्ये वारला. १५२५ मध्ये शाळेची सविस्तर नियमावली झाली. तिच्यातून त्या वेळची शाळा डोळ्यांपुढे उभी राहते. मुलांनी खंजीर किंवा दुसरं हत्यार घेऊन वर्गात यायचं नाही, जेवणापुरती सुरी चालेल. त्या काळी शिक्षक कोंबड्यांच्या झुंजीच्या नावानं मुलांकडून पैसे उकळत, ते इथे बंद. आणि सगळ्यात महत्त्वाची अट : कोणत्याही परगण्यातून आलेला मुलगा असो, भयंकर किंवा संसर्गजन्य आजार नसेल तर त्याला परत पाठवायचं नाही. पुढे निवडीसाठी गाजलेल्या या शाळेनं मुळात निवड करायचीच नाही, असं ठरवून सुरुवात केली होती. आजाराखेरीज अपवाद एकच, आणि तो नियमातच लिहिलेला : मूल मुलगा हवं. मँचेस्टरच्या मुलींना स्वतःच्या हायस्कूलसाठी १८७४ पर्यंत थांबावं लागलं. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या ख्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया पँकहर्स्ट त्या मुलींच्या शाळेत शिकल्या. साडेतीनशे वर्षांची ही दिरंगाई शाळेच्या गौरवाच्या इतिहासात ठळकपणे लिहिली गेली पाहिजे.

गरीब मुलांच्या शाळेसाठी दळणाचा पैसा ही कल्पना कागदावर सुंदर होती. पण गाव वाढलं तशी चक्क्यांपुढची रांगही वाढली. अठराव्या शतकात मँचेस्टरच्या लोकांना ही सक्ती काचू लागली. चक्की चालवायला घेणारे दोघे जण अंगकाठीनं इतके वाळलेले होते, की जॉन बायरम या स्थानिक कवीनं त्यांना ‘हाडं’ आणि ‘कातडं’ अशी नावं देऊन चार ओळी लिहिल्या आणि त्या गावभर झाल्या. अखेर १७५८ मध्ये पार्लमेंटनं कायदा करून लोकांना या सक्तीतून सोडवलं. शाळेकडे राहिलं ते फक्त बिअरसाठी लागणारं माल्ट दळण्याचं बंधन. गंमत अशी की ते फायद्याचं ठरलं. औद्योगिक क्रांतीत मँचेस्टर फुगत गेलं, बिअर पिणारी तोंडं वाढली आणि शाळेच्या तिजोरीत भर पडत गेली.

तिजोरीतल्या शिलकेतून ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजसाठी शिष्यवृत्त्या दिल्या जात. तीन वर्षं शाळेत काढली की शिष्यवृत्ती मिळण्याची आशा, एवढ्यासाठी वडील नसलेल्या एका मुलाच्या पालकांनी त्याला १८०० साली इथे आणून घातलं. त्याचं नाव थॉमस डी क्विन्सी. वडील मँचेस्टरचे व्यापारी होते. मुलाचं ग्रीक इतकं पक्कं होतं की शिकवणाऱ्यांकडून घ्यावं असं त्याच्यासाठी फार थोडं उरलं होतं. व्यायाम नाही, मोकळी हवा नाही, दिवसभर कोंदट वर्ग. १८०२ च्या जुलैमध्ये, सोळा वर्षांचा असताना, त्यानं पळून जायचं ठरवलं. पहाटे नोकर त्याची जड पेटी खांद्यावर घेऊन माडीवरून उतरत होता. मुख्याध्यापकांच्या झोपायच्या खोलीजवळ त्याचा पाय घसरला आणि पेटी धडधडत खाली गेली. नोकराला हसू आवरेना, मुलालाही आवरेना. दार मात्र उघडलं नाही. एका खिशात आवडत्या इंग्रजी कवीचं पुस्तक आणि दुसऱ्या खिशात युरिपिडीसची नाटकं घेऊन पोरगा पायी निघाला. पुढे अफूच्या व्यसनावरच्या त्याच्या आत्मकथनानं इंग्रजी गद्याला नवं वळण दिलं. त्या पुस्तकात ही पेटी आजही गडगडते आहे. शाळांचे इतिहास सहसा यशस्वी विद्यार्थ्यांच्या याद्यांनी भरलेले असतात. हा पळालेला विद्यार्थी मात्र शाळेची त्या काळची खरी अवस्था सांगून जातो.

या शाळेला झोपेतून उठवलं ते फ्रेडरिक विल्यम वॉकर यांनी. १८५९ मध्ये ते हायमास्टर झाले. मुख्याध्यापकाला या शाळेत ‘हायमास्टर’ म्हणतात. मागणी अफाट आणि जागा मोजक्या असल्यामुळे प्रवेशासाठी स्पर्धा परीक्षा आली. १८६० च्या दशकाच्या अखेरीस फुकट जागांच्या जोडीला फी भरणारी मुलंही येऊ लागली. लॅटिन-ग्रीकच्या बरोबरीनं गणित आणि रसायनशास्त्र उभं राहिलं. कापडाला रंग देणाऱ्या शहराला रसायनशास्त्राची गरज कोणी समजावून सांगायला नको होती. ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्त्या जिंकण्यात ही गिरणगावची शाळा खानदानी निवासी शाळांना मागे टाकू लागली. ‘येईल त्याला घ्या’ म्हणणारी शाळा ‘जिंकेल त्याला घेऊ’ म्हणू लागली, ती या काळात.

१८७७ मध्ये वॉकर लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचे हायमास्टर झाले. यानंतरच्या एका धाग्याचं टोक थेट मुंबईच्या एका साप्ताहिकात निघतं. १८७९ मध्ये कृष्णधन घोष या बंगाली डॉक्टरांनी आपल्या तीन मुलांना मँचेस्टरमध्ये ड्र्यूएट नावाच्या पाद्र्याच्या घरी ठेवलं. थोरले दोघे, विनयभूषण आणि मनमोहन, मँचेस्टर ग्रामर स्कूलमध्ये गेले. सात वर्षांचा धाकटा अरविंद घरीच ड्र्यूएट दांपत्याकडे शिकला. १८८४ मध्ये तो लंडनला सेंट पॉल्समध्ये आला, तेव्हा तिथे वॉकर होते. त्यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याला स्वतः ग्रीक शिकवलं. तिथून केंब्रिज, आणि १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीसाठी बडोदा. तिथे अरविंद मराठी शिकले. केंब्रिजचे मित्र केशव गणेश देशपांडे मुंबईत ‘इंदुप्रकाश’ चालवत होते. त्यांच्या आग्रहावरून अरविंदांनी काँग्रेसच्या मवाळपणावर इतकी जळजळीत लेखमाला सुरू केली, की न्यायमूर्ती रानड्यांनी मालकांना राजद्रोहाच्या खटल्याचा इशारा दिला. निवडक मुलांना घडवून साम्राज्याचे अधिकारी तयार करायचे, हा त्या शाळांचा एक हेतू होताच. वॉकरांच्या हाताखालून गेलेल्या या विद्यार्थ्यानं तो पार उलटवला.

१९३१ मध्ये मँचेस्टर ग्रामर स्कूल गजबजलेल्या लाँग मिलगेटमधून शहराच्या दक्षिणेला मोकळ्या जागेत आली. मात्र तिचा सगळ्यात गाजलेला काळ १९४५ नंतरचा. त्या वर्षी एरिक जेम्स हायमास्टर झाले. विंचेस्टरसारख्या उच्चभ्रू निवासी शाळेत रसायनशास्त्र शिकवून ते आले होते. नेमकं त्याच वेळी ‘डायरेक्ट ग्रँट’ योजनेला नवं रूप मिळालं. शाळा स्वतंत्र राहायची, पण किमान पाव जागा सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना फुकट द्यायच्या. बाकीच्यांची फी घरच्या उत्पन्नानुसार ठरे आणि तूट सरकार भरे. आसपासच्या गिरणगावांतून मुलं बसनं, आगगाडीनं परीक्षेला येत. काही वर्षांतच ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शिष्यवृत्त्यांमध्ये ही अनिवासी शाळा विंचेस्टरच्या बरोबरीनं मोजली जाऊ लागली. गणितज्ञ मायकेल अतिया खार्टूम आणि कैरोत शिकून याच सुमारास इथे आले आणि १९६६ मध्ये फील्ड्स पदक मिळवून बसले. पुढे गांधींची भूमिका करणारे बेन किंग्जली, म्हणजे कृष्ण भानजी, इथलेच. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा माजी कप्तान माइक आथर्टनही इथलाच.

जेम्स यांचा निवडीवर मनापासून विश्वास होता. हुशार मुलाला हुशारांबरोबरच शिकू द्यावं, मग बाप मजूर असो की वकील, असं ते ठासून सांगत. त्यांच्या शाळेपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण त्याच काळात इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षीच्या परीक्षेत साधारण चारातली तीन मुलं मागे पडत आणि वेगळ्या, दुय्यम मानल्या गेलेल्या शाळांत जात. आत आलेल्यांचं कौतुक करताना बाहेर राहिलेल्यांचा हिशेब जेम्स यांच्या लेखी पुरेसा नव्हता, हे स्पष्ट म्हणायला हवं.

आत आलेल्यांनाही किंमत मोजावी लागे. कादंबरीकार ॲलन गार्नर आल्डर्ली एज या गावचे. घराणं पिढ्यानपिढ्यांच्या कारागिरांचं, वडील रंगारी. प्राथमिक शाळेत घरची बोली बोलल्याबद्दल शिक्षिकेनं त्यांचं तोंड साबणानं धुतलं होतं. ग्रामर स्कूलनं त्यांना ग्रीक दिलं, ऑक्सफर्ड दिलं, पण घरी परतल्यावर आपल्याच माणसांशी बोलायला शब्द उरले नाहीत, ही तुटलेपणाची वेदना त्यांनी नंतर मोकळेपणानं मांडली. ऑक्सफर्ड अर्धवट सोडून ते चेशरमध्ये परतले आणि त्याच मातीवर, त्याच बोलीच्या लयीत आयुष्यभर लिहीत राहिले. कोकणातून किंवा मराठवाड्यातून शिष्यवृत्तीवर पुण्या-मुंबईला आलेल्या कितीतरी लेखकांना ही वेदना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९६५ पासून सर्वांसाठी एकच शाळा हे मजूर पक्षाच्या सरकारचं धोरण झालं आणि १९७५ मध्ये डायरेक्ट ग्रँट बंद करण्याचा नियम आला. सरकारी व्यवस्थेत विरघळून जायचं, नाहीतर सगळ्यांकडून फी घ्यायची, असे दोनच रस्ते उरले. मँचेस्टरनं दुसरा धरला. निवडीच्या परीक्षेला धक्का लागला नाही, प्रश्नपत्रिकाही तितकीच अवघड राहिली. बदलला तो पैसे भरणारा. मजुराच्या मुलाची निवड आणि पैसेवाल्याच्या मुलाची निवड एकाच गुणपत्रिकेवर होत असली, तरी पहिल्याच्या घरी प्रवेशपत्रामागून बिल आलं की निकाल फिरतो. शाळेचं चारित्र्य परीक्षेपेक्षा या बिलावर ठरत आलं आहे. चक्क्यांच्या काळातही ते तसंच होतं.

थॅचर सरकारनं १९८० मध्ये गरीब घरच्या मुलांसाठी फी-साहाय्याची योजना आणली. मँचेस्टर ग्रामर स्कूलनं तिचा भरपूर लाभ घेतला. १९९७ मध्ये ब्लेअर सरकारनं ती गुंडाळायला घेतली. तेव्हा शाळेनं माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरले आणि कायमचा शिष्यवृत्ती निधी उभा केला. सरकारच्या पैशावर शिकून वर आलेल्या पिढीला हे आवाहन होतं आणि तिनं ते मानलं.

आज परीक्षेत उतरलेल्या ज्या मुलांच्या घरी फी परवडत नाही, त्यांची भिस्त याच निधीवर आहे. २००८ मध्ये शाळेनं कनिष्ठ विभागही उघडला, त्यामुळे अकराव्या वर्षाच्या आधीच काही मुलं आत येऊ लागली. सरकारी प्राथमिक शाळेतल्या पोरापेक्षा त्यांना तयारीला अधिक वेळ मिळतो. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. कर घ्यावा की नाही, यावर तिथे कडाक्याचा वाद आहे, आणि सरकारी शाळांना शिक्षक हवेत हा त्यामागचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. पण ओल्डहॅमनं ज्या मुलांसाठी दस्त केला, त्यांची बाजू पाहिली तर हिशेब साधा आहे. निधीत तेवढेच पाउंड असताना एकेका मुलासाठी लागणारी रक्कम वाढली, की यादीच्या तळातल्या मुलांचं पत्र निघण्याआधीच अडतं.