न वाजलेली शिट्टी

३ मार्च २०२३ ची रात्र केरळमधल्या फुटबॉलवेड्यांना अजून पचलेली नाही. बंगळूरचं श्री कांतीरवा स्टेडियम, इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना. नव्वद मिनिटं संपली तरी गोलफलक कोराच होता. जादा वेळेतली पहिली काही मिनिटं सरली आणि केरळ ब्लास्टर्सच्या बॉक्सच्या जरा बाहेर बंगळूर एफसीला फ्रीकिक मिळाली. गोलकीपर प्रभसुखन गिल भिंत लावण्यात गुंतला होता. तेवढ्यात सुनील छेत्रीनं शिट्टीची वाट न बघता चेंडू अलगद उचलला आणि मोकळ्या जाळीत टाकला. रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला.

ब्लास्टर्सचे खेळाडू रेफ्रीभोवती गोळा झाले. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच मैदानाच्या कडेपर्यंत आले आणि त्यांनी सगळ्या संघाला बाहेर बोलावून घेतलं. बराच वेळ कुणाला काय करावं कळेना. शेवटी बंगळूरला १-० असं विजयी ठरवण्यात आलं. त्या रात्रीपासून कोचीच्या पिवळ्या जर्सीवाल्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे: आमच्या बाबतीतच असं होतं.

हे वाक्य जगातला कुठल्याही क्लबचा समर्थक म्हणतो. कोलकात्यात म्हणतात, लिव्हरपूलमध्ये म्हणतात, माद्रिदमध्ये तर क्लबच म्हणतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने झाले की तालमीच्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत त्याचीच उजळणी चालते. त्यात खरं किती आणि मनाचं किती, हे तपासायला कांतीरवाचा तो गोल बरा आहे, कारण तिथं दोन्ही बाजूंना थोडंथोडं बोलायला जागा आहे.

आधी नियम. फ्रीकिक झटपट घ्यायची मुभा आहे आणि त्यासाठी शिट्टी लागत नाही. समोरच्याचा खेळाडू ९.१५ मीटरच्या आत असला आणि ज्याच्या हक्काची फ्रीकिक आहे त्याला पर्वा नसली, तर त्यानं खुशाल चेंडू मारावा. शिट्टी बंधनकारक होते ती कार्ड दाखवलं असेल, कुणी जखमी असेल, बदली खेळाडू आत येत असेल किंवा रेफ्रीनं स्वतः भिंत मागं सरकवायला घेतली असेल तेव्हा. वादाची सगळी गाठ या शेवटच्या अटीत आहे. भिंत सरकवण्याचं काम सुरू झालं होतं, म्हणून शिट्टी हवी होती, असं ब्लास्टर्सच्या बाजूचं म्हणणं. आपल्याला शिट्टीही नको आणि भिंतीचं अंतरही नको, हे रेफ्रीला आधीच सांगितलं होतं, असं छेत्रीचं म्हणणं. रेफ्रीचं म्हणणं काय होतं, हे त्या रात्री लोकांना कुणी सांगितलं नाही. सगळ्या भानगडीत सर्वांत जास्त नडली ती हीच गोष्ट.

सामना पुन्हा खेळवा, ही ब्लास्टर्सची मागणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीनं फेटाळली. मैदान सोडल्याबद्दल क्लबला चार कोटी रुपये दंड झाला. वुकोमानोविच यांना पाच लाखांचा दंड आणि दहा सामन्यांची बंदी. शिवाय जाहीर माफी मागा, नाहीतर दंडाची रक्कम वाढेल, अशी तंबी. पुढं अपीलही फेटाळलं गेलं. केरळच्या समर्थकाच्या वहीत हा दुसरा अन्याय म्हणून नोंदला गेला.

त्या वहीत दुसऱ्यांवरचे अन्याय मात्र लिहिले जात नाहीत. कांतीरवाच्या गोलानंतर पंधरा दिवसांनी, १८ मार्चला, गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना झाला. बंगळूर विरुद्ध एटीके मोहन बागान. निर्धारित वेळेत तीन पेनल्टी दिल्या गेल्या. पंच्याऐंशीव्या मिनिटाच्या पेनल्टीवर बागाननं बरोबरी साधली आणि मग शूटआउटमध्ये करंडक नेला. त्या पेनल्टीचा फाउल बॉक्सच्या आत झाला की बाहेर, यावर रान उठलं. बंगळूरचे मालक पार्थ जिंदाल यांनी, लीगला व्हीएआरची (व्हिडिओवरून निर्णय तपासण्याच्या यंत्रणेची) गरज आहे, असं जाहीरपणे लिहिलं. ज्यांना पंधरा दिवसांपूर्वी रेफ्रीचा निर्णय शंभर टक्के मान्य होता, त्यांना आता कॅमेरा हवा होता. केरळात त्या रात्री काय काय बोललं गेलं असेल, ते छापण्यासारखं नसावं.

यात दांभिकपणा आहे, असं म्हणून सोडून देता येईल. पण मामला त्याहून खोल आहे. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांमध्ये एक धसमुसळा सामना झाला. अमेरिकन फुटबॉलचा, आपल्या नव्हे. प्रिन्स्टनच्या हुकमी खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅंट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथचे नियमभंग प्रिन्स्टनच्या पोरांनी सरासरी ९.८ मोजले, डार्टमथच्या पोरांनी ४.३. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की दोन्ही गटांनी वेगवेगळे सामनेच पाहिले. आपल्या खेळाडूचा धक्का ‘अंगाला अंग लागलं’ वाटतो आणि समोरच्याचा तसाच धक्का सरळ लाल कार्डाचा, तो असा.

इथवर आलं की शहाणी माणसं समर्थकाची समजूत घालून मोकळी होतात: सगळं तुझ्या डोळ्यांत आहे बाबा. पण तेही खरं नाही. रेफ्रीच्या कानातही काहीतरी असतं.

ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये चाळीस पात्र रेफ्रींना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सामन्यातल्या टॅकल्सची चित्रफीत दाखवली. काहींना लोकांच्या आवाजासकट, काहींना मुकी. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान लिव्हरपूलविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. गंमत अशी की पाहुण्यांवर ते अधिक कडक झाले नाहीत. फक्त घरच्या संघाला सोडून देण्याकडे त्यांचा कल वाढला. बंद खोलीत चित्रफीत बघताना हे होत असेल, तर चाळीस हजार लोक अंगावर ओरडत असताना काय होत असेल!

स्पेनमधले सामने तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना भरपाईच्या वेळेत तेच दिसलं. यजमान एका गोलनं मागं असेल तर रेफ्री जास्त मिनिटं देतात, एका गोलनं पुढं असेल तर लवकर गुंडाळतात. इटलीत फेब्रुवारी २००७ मध्ये कातानियाच्या दंगलीत एका पोलीस अधिकाऱ्याचा बळी गेला आणि सुरक्षेचे निकष न पाळणाऱ्या मैदानांवर काही सामने प्रेक्षकांविना खेळवावे लागले. रिकाम्या स्टेडियममध्ये रेफ्रींचं यजमानांना झुकतं माप कमी झालं. कोविडच्या काळात तर जगभर तोच प्रयोग आपोआप झाला आणि पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं घटली.

म्हणजे कल असतो. पण तो कुणा एका क्लबच्या विरुद्ध नसून जिथं गोंगाट जास्त, तिकडे असतो. केरळच्या समर्थकाला हे ऐकायला आवडणार नाही, कारण कोचीतल्या कलूरच्या स्टेडियमइतका गोंगाट देशात फार थोड्या ठिकाणी होतो. वर्षभर घरच्या मैदानावर जे फुकट मिळतं, त्याची नोंद कोण ठेवतो?

आता शेवटचा संशय: पैसा. त्यालाही हसून उडवता येत नाही, कारण इतिहासात तसे पुरावे आहेत. जर्मनीत रेफ्री रॉबर्ट हॉयझरनं ऑगस्ट २००४ मध्ये पाडरबॉर्न विरुद्ध हॅम्बुर्ग हा चषकाचा सामना बेटिंगवाल्यांसाठी फिरवला. दोन गोलनं पुढं असलेला बलाढ्य हॅम्बुर्ग खालच्या श्रेणीतल्या संघाकडून ४-२ नं हरला. हॉयझर तुरुंगात गेला. इटलीत २००६ साली फोनवरची संभाषणं बाहेर आली, रेफ्री नेमणाऱ्यांशी क्लबच्या अधिकाऱ्यांची ऊठबस उघड झाली आणि युव्हेंटससारखा क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. स्पेनमध्ये बार्सिलोनानं २००१ ते २०१८ या काळात रेफ्री समितीच्या उपाध्यक्षाच्या कंपन्यांना सत्तर लाखांहून अधिक युरो दिल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. ते पैसे सल्ल्याचे होते, असं क्लब म्हणतो. कसला सल्ला इतका महाग असतो, हा प्रश्न माद्रिदचा समर्थक विचारणारच, आणि त्याला वेडा ठरवता येणार नाही.

पण या तिन्ही प्रकरणांत संशय टिकला तो कागदांमुळे: फोनच्या नोंदी, बिलं, कबुलीजबाब. चुकलेल्या ऑफसाइडची यादी हा कागद नव्हे. हा फरक क्लबांनाही कळत नाही, तिथं समर्थकाला काय दोष द्यायचा? एप्रिल २०२४ मध्ये एव्हर्टनकडून हरल्यावर नॉटिंगहॅम फॉरेस्टनं जाहीर लिहिलं, की व्हीएआरवर बसलेले स्टुअर्ट ॲटवेल हे ल्यूटनचे समर्थक आहेत. ल्यूटन तेव्हा फॉरेस्टबरोबरच तळाशी झगडत होता. तीन पेनल्टी नाकारल्याचा राग होता, आणि त्यातली एखादी खरोखर द्यायला हवी होती, असं मानणारे तटस्थ लोकही होते. तरी रेफ्रीच्या सचोटीवर शिंतोडे उडवल्याबद्दल फॉरेस्टला साडेसात लाख पौंड मोजावे लागले.

रेआल माद्रिदचं चॅनल तर सामन्याआधीच नेमलेल्या रेफ्रीच्या जुन्या चुकांची चित्रफीत दाखवतं. एप्रिल २०२५ मध्ये सेव्हियात किंग्ज कपच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी रेफ्री रिकार्दो दे बुर्गोस बेंगोएत्चेआ पत्रकारांसमोर बोलताना रडले. शाळेत मुलाला ‘तुझा बाप चोर’ असं ऐकावं लागतं, असं ते म्हणाले.

मग कॅमेऱ्यानं प्रश्न सुटतो का? ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासनं केलेला गोल मैदानावर ऑफसाइड दिला गेला. तो ऑफसाइड नव्हता. व्हीएआरच्या खोलीत ते बरोबर दिसलंही. पण मैदानावरचा निर्णय ‘गोल’ असल्याच्या समजुतीत तिथल्या अधिकाऱ्यानं ‘तपासणी पूर्ण’ म्हणून सांगितलं आणि खेळ सुरू झाला. चूक कळली तेव्हा उशीर झाला होता. लिव्हरपूल २-१ नं हरला. तेच अधिकारी दोन दिवस आधी संयुक्त अरब अमिरातीत एक सामना करून परतले होते आणि मॅंचेस्टर सिटीची मालकी अबू धाबीकडे आहे, एवढ्या दोन गोष्टींवर कटाची आख्खी इमारत उभी राहिली. मग रेफ्री संघटनेनं त्या खोलीतला संवाद जसाच्या तसा प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्याला कट सापडत नाही. सापडते ती गडबडून गेलेली, काय होऊन बसलं हे कळल्यावर शिव्या घालणारी साधी माणसं. लिव्हरपूलचा समर्थक शांत झाला नाही, पण त्याचा राग निदान योग्य पत्त्यावर गेला.

भारतात तसा संवाद ऐकायची सोय नाही आणि व्हीएआरही नाही. कांतीरवाच्या प्रकरणानंतर महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांनी स्वस्तातल्या व्हीएआरची घोषणा केली, बेल्जियमला जाऊन तिथली यंत्रणाही पाहून आले. पुढचा मोसम तसाच गेला, त्याच्या पुढचाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अंधेरीत मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान सामन्यात सात लाल कार्डं निघाली, त्यातली काही तर शेवटची शिट्टी झाल्यावर. दोन्ही बाजूंना आपलंच नुकसान झाल्याची खात्री होती. बागानला हे वातावरण नवं नव्हतं. ९ डिसेंबर २०१२ च्या सॉल्ट लेकच्या डर्बीत बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळालं, प्रेक्षकांतून आलेल्या दगडानं रहीम नबी जखमी झाला आणि संघ दुसऱ्या सत्रासाठी मैदानावर उतरलाच नाही. आधी दोन वर्षांची बंदी, मग ती उठवून दोन कोटींचा दंड आणि गुणांवर पाणी. मैदान सोडून न्याय मिळाल्याचं उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये शोधून सापडायचं नाही. ब्लास्टर्सच्या बाकावर कुणीतरी हे आठवायला हवं होतं.

ब्लास्टर्सची परतफेड मैदानातच झाली. २१ सप्टेंबर २०२३ ला नव्या मोसमाचा पहिला सामना, कोची, समोर बंगळूर. वुकोमानोविच बंदीमुळे बाकावर नव्हते. ब्लास्टर्स २-१ नं जिंकले. एक गोल बंगळूरच्या खेळाडूनं स्वतःच्याच जाळीत मारला आणि दुसरा गोलकीपर गुरप्रीतच्या चुकीतून आला. त्या रात्री रेफ्रीबद्दल केरळात फारशी तक्रार ऐकू आली नाही.

इंग्लंडनं दरम्यान आणखी एक पाऊल टाकलं. ८ जानेवारी २०२५ ला लिव्हरपूलविरुद्धच्या लीग कपच्या उपांत्य सामन्यात टॉटनहॅमच्या डॉमिनिक सोलंकेचा गोल व्हीएआरनं रद्द केला आणि रेफ्रीनं माइकवरून भर स्टेडियमला कारण सांगितलं: खेळाडू ऑफसाइड होता. इंग्लिश फुटबॉलमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं आणि सांगणारे होते स्टुअर्ट ॲटवेल, फॉरेस्टच्या आरोपातले तेच. यजमानांनी ऐकून घेतलं. पण शेवटच्या काही मिनिटांत आधीच एक पिवळं कार्ड मिळालेल्या टॉटनहॅमच्याच लुकास बर्गवालनं फाउल केला, कार्ड निघालं नाही आणि काही क्षणांत त्यानंच विजयी गोल मारला. दुसऱ्या पिवळ्या कार्डाची तपासणी तेव्हा व्हीएआरच्या कक्षेत येत नव्हती. लिव्हरपूलचे प्रशिक्षक आर्ने स्लॉट सामन्यानंतर त्याच कार्डाबद्दल बोलत राहिले, आणि गावी परतणाऱ्या लिव्हरपूलच्या समर्थकांकडे पुढच्या आठवड्यापुरता विषय होता.