दमाचा दिवस

पहाटे ५.३०
भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. त्यामुळे कबड्डीच्या सरावाची वेळ मी आदल्या रात्री ठरवते आणि मुलींना निरोप धाडते. आज पहाटे ओहोटी आहे. नागावच्या किनाऱ्यावर पाणी मागे हटलं की ओली वाळू घट्ट बसते, त्यावर चौदा मुली अनवाणी धावतात. मग वर सुरूच्या झाडांजवळ कोरड्या, भुसभुशीत वाळूत बेडूकउड्या. पोटऱ्या भरून येतात. चढाईचे पाय इथे घडतात.

६.१५
काठीने वाळूत मैदान आखलं : १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. मध्यरेषा, निदानरेषा, बोनसरेषा. आज फक्त घोट्याची पकड. डावा कोपरा सांभाळणारी मुलगी नववीत आहे. समोरची चढाई करत आली की ही तिच्या डोळ्यांत बघत बसते आणि फसते. मी सांगते, "डोळे हूल देतात, कंबर देत नाही. कमरेकडे बघ." समोरचीने बोनससाठी पुढचा पाय रेषेपलीकडे टाकला, मागचा उचलला. सारा भार एका पायावर. हिने त्याच क्षणी सूर मारला, घोटा दोन्ही हातांत धरला आणि छाती वाळूला टेकवली. शेजारच्या दोघी धावून आल्या. पकड पक्की झाली. आज पहिल्यांदाच.

७.४५
परतताना डावा कोपरा सांभाळणाऱ्या मुलीची आई भेटली. टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. "बाई, खेलून पोरीला नोकरी लागंल ना?" सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे मी तिला सांगितलं. त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, हेही सांगितलं. खोटी आशा दाखवायची नाही, हा माझा नियम आहे.

दुपारी १२.३०
शाळेत ऑफ तास मिळाला. मुलींनी विचारलं, "बाई, मुलींची प्रो कबड्डी का नाही?" मी फळ्यावर सनावळी लिहिली. २६ जुलै २०१४ रोजी वरळीत पुरुषांची प्रो कबड्डी सुरू झाली. कबड्डीपटू अभिलाषा म्हात्रे त्याआधीच, २०१२मध्ये, पाटण्यात पहिला महिला विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात होती. २०१४ला इंचॉन एशियाडचं सुवर्ण, २०१५ला अर्जुन पुरस्कार. २०१६मध्ये महिलांची व्यावसायिक स्पर्धा झाली, तीन संघांची. त्यातल्या आइस दिवाज संघाची कर्णधार अभिलाषाच होती. ३१ जुलैला हैदराबादला अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला २४-२३ असं हरवलं. एका गुणाचा फरक! सामने चुरशीचे होत नाहीत असं म्हणणाऱ्यांना हा आकडा पुरेसा आहे. तरीही पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही.

एकीने विचारलं, "मग संपलंच का?" मी त्यांना अमेरिकेतल्या बास्केटबॉलची गोष्ट सांगितली. तिथे महिलांची पहिली व्यावसायिक लीग डिसेंबर १९७८मध्ये सुरू झाली आणि तीन मोसमांत बंद पडली. आज टिकून असलेल्या डब्ल्यूएनबीएचे सामने सुरू व्हायला १९९७ साल उजाडलं. पहिल्या बायकांनी वाट पाडली होती, म्हणूनच पुढच्यांना ती सापडली.

संध्याकाळी ५.१५
शाळा सुटल्यावर मॅटवर सराव. वाळूत पाय रुततो, मातीत घसरतो, मॅटवर तो चिकटतो. वळताना गुडघ्यावर ताण येतो. बूट हवेतच. दोघींकडे नाहीत, त्या आळीपाळीने घालतात. तीस सेकंदांची चढाई मी शिट्टीवर मोजते. "कबड्डी, कबड्डी" हा उच्चार तुटला की चढाई संपली.

रात्री ८.००
शेजारच्या गावात प्रकाशझोतातले सामने. पाणी मारून, रूळ फिरवून बसवलेली लाल माती, चुन्याच्या रेषा. मुलींचा सामना सर्वांत आधी, खुर्च्या रिकाम्या असताना. बक्षीसही पुरुषांच्या निम्म्याहून कमी. आमच्या मुली तीन गुणांनी हरल्या. पण डाव्या कोपऱ्याने दोन पकडी केल्या, दोन्ही घोट्याच्या. कुंपणाला टेकून उभी असलेली तिची आई शेवटपर्यंत हलली नाही.

१०.३०
टेम्पोतून सगळ्यांना घरी सोडलं. उद्या ओहोटी पाऊण तास उशिरा. निरोप पाठवून दिले.

१५ जुलैला, कबड्डी संघटक बुवा साळवींच्या जयंतीला, आपण कबड्डी दिन साजरा करतो, तो मुलींचाही आहे. लीग मुंबईत ठरेल तेव्हा ठरेल. तोवर आपल्या गावच्या स्पर्धेत दोन गोष्टी आपल्याच हातात आहेत : मुलींना मुलांइतकंच बक्षीस द्या, आणि त्यांचा सामना सुरू होण्याआधी खुर्चीत येऊन बसा.